न बसणाऱ्या कोंबड्या

माझ्या नणंदेचं, छबूचं लग्न झालं त्या सालची ही गोष्ट. माघात लग्न झालं. मांडवाचे डहाळे दारात वाळत पडले होते आणि घरात आम्ही तिघीच उरलो होतो. सासू, मी, आणि माझी अंगावर पिणारी पोर शालन. सासरे कधीच गेले होते. माझे मालक पलटणीत होते, लग्नाला रजा मिळाली तेवढे दिवस राहून परत गेले होते.

माझ्या माहेराहून लग्नाला एकटा निवृत्तीदादा आला होता. आई आली नाही. दादा निघायच्या वेळी तो आणि आत्याबाई गोठ्यामागं बोलत उभे होते. सासूला मी आत्याबाई म्हणायची. मी गेले तशी दोघं बोलायची थांबली.

"दादा, आई का आली न्हाई?" मी विचारलं.

"खोकलाय जरा तिला."

"लई हाय का?"

"तसं न्हाई. खिंड चढवत न्हाई एवढंच. तुझं नाव काढती."

"मग मीच येते की. शालनला बी बघंल ती."

दादानं आत्याबाईंकडं पाहिलं. "ये की," तो म्हणाला. "सवडीनं ये."

शालन त्याच्या धोतराला धरून उभी राहायला बघत होती. त्यानं तिला उचललं नाही. धोतर हलकेच सोडवून घेतलं आणि वाटेला लागला. मला वाटलं, लांब जायचं आहे, घाई असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी मला परसात बोलावलं. खुराड्याच्या कोपऱ्यात एक तांबडी कोंबडी अंग फुलवून बसली होती.

"घाल हात हिच्या पोटाखाली," आत्याबाई म्हणाल्या.

"चावंल की."

"चावली तर चांगलंच. चावून बी जी उठत न्हाई ती खरी."

माझं माहेर माळकऱ्यांचं. दारात कोंबडी नाही, चुलीवर अंडं नाही. सासरी आले तेव्हा कोंबडी धरायचीसुद्धा मला भीती वाटायची. कोंबड्यांचं जे काही मला कळलं ते सगळं आत्याबाईंनी शिकवलेलं. मी हात घातला. कोंबडीनं मनगटावर चोच मारली, अंग आणखी दाबलं आणि घशातल्या घशात खुडखुड केली. पोटावरची पिसं गळून गेली होती. तिथली कातडी तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखी गरम होती.

"ही खुडूक. अंड्यांवर बसायला आली," आत्याबाई म्हणाल्या. "छबू गेली. आता हे काम तुझं. कोंबडी घेताना बी तूच बघून घ्यायची. माझ्या डोळ्यांवर आता धुकं येतंय."

त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. आखूड पायाची, रुंद छातीची गावरान कोंबडी बसते. उघड्या मानेची, तिला आम्ही बोडकी म्हणायचो, ती तर फारच चिवट बसते. झुंजीच्या असील रक्ताची बसते, पण अंगानं जड, पायाखाली अंडी फोडते. उलट्या पिसांची बसते खरी, पण तिची पिसं उभी, ऊब धरत नाही, तिला थोडीच अंडी द्यायची. आणि सरकारी पोल्ट्रीतली पांढरी, जिचा तुरा एका डोळ्यावर पडलेला असतो, ती अंडं घालते आणि विसरून जाते. तिच्या मनातच पिल्लू नसतं.

पाटीत राख पसरली, वर भाताचा पेंढा. मेघ गरजला तर अंडी बिघडू नयेत म्हणून पेंढ्यात एक लोखंडी खिळा ठेवला. अंडी एकेक करून मी माझ्या हातानं कोंबडीच्या पोटाखाली सारली. ती चोचीनं त्यांना आत ओढून घेत होती. मला मजा वाटली. मी हसत होते.

मग आत्याबाई म्हणाल्या, "आता एक ध्यानात ठेव. हिला तुझ्या हातानं बसवली. पिल्लं निघंपतोर तू गावाची शीव वलांडायची न्हाई."

"का?"

"आमच्या घरात तसं हाय. बसवणारी शिवंबाहेर गेली की अंडी थंड पडत्यात. आन नुसती अंडी न्हाई. घरातल्या लेकराला बाधतं."

"असं कवा ऐकलं न्हाई मी."

"आजवर छबू बसवायची. तुझा हात कवा लागला हुता?"

ते खरं होतं. मी शालनकडं पाहिलं. ती पेंढ्याची काडी तोंडात घालत होती.

"तीन आठवड्याचा तर परश्न," आत्याबाई म्हणाल्या. "मग जा की म्हायेरला. कोण नको म्हणतंय?"

मी थांबले. पण तांबडीची पिल्लं कवच फोडायच्या आत ठिपक्यांची कवडी खुडूक झाली. "आता हिला तशीच ठिवायची का?" आत्याबाई म्हणाल्या. "उगं बसून वाळून जाईल. घाल अंडी." मी घातली. तांबडीची पिल्लं निघाली, अंगणभर पळायला लागली, आणि मी शिवेच्या आतच राहिले. कवडीची निघायच्या आधी राखी बसली. आमच्याकडं सात-आठ कोंबड्या होत्या, सगळ्या आत्याबाईंनी वर्षानुवर्षं पारखून घेतलेल्या, एकजात बसणाऱ्या. एक उठेपर्यंत दुसरीच्या पोटाची पिसं गळायला लागायची.

त्यात माझ्या हाताला गुण आहे असं गावात झालं. शेजारची यसूनानी पदरात अंडी घेऊन आली.

"गजरा, माझी बी बसव बाई. तुझ्या हातची एक वाया जात न्हाई म्हणं."

"नानी, तुमच्यात बी असतं का हे? शिवंचं?"

"कसलं शिवंचं?"

उंबऱ्यात आत्याबाई भात पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. यसूनानीनं तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"असतंय की ज्येच्या त्येच्या घरात कायबाय," ती म्हणाली आणि अंडी माझ्या ओटीत टाकून निघून गेली.

कुणीच मला जाऊ नको म्हणत नव्हतं. म्हणून भांडायलाही कुणी नव्हतं. मी पाण्याला जायची ती विहीर गावात, जळणाला जायची ते रान शिवेच्या अलीकडं. ओढ्यापलीकडं एक दगड शेंदूर लावून उभा होता, ती आमची शीव. त्याच्या पुढं वाट खिंडीत चढत जायची आणि खिंडीपलीकडं जांभूळकोंड, माझं माहेर. सकाळी निघालं तर उन्हं तापायच्या आत पोचता येई. जळणाचा भारा बांधून झाला की मी ओढ्यापर्यंत जाऊन उभी राहायची. पाणी घोट्याएवढं होतं.

एकदा मी मनात म्हटलं, कुणाला कळणार आहे. एक पाय पाण्यात घातला. तेवढ्यात घरी ठेवून आलेली शालन डोळ्यांपुढं आली, आणि तिला रात्री जरासा ताप होता तोही आठवला. मी पाय काढून घेतला.

चैत्रात दादा परत आला. आत यायला तयार होईना. अंगणातल्या दगडावर बसला. मी पाण्याचा तांब्या दिला तर म्हणाला, "वंजळीत वत." ओंजळ लावून प्यायला.

"आई कशी हाय?"

"आता उठवत न्हाई तिला. परड्यातल्या खोपीत असती. मोकळी हवा बरी वाटती म्हणती."

"खोपीत? आन घर?"

"तिलाच घरात नको वाटतंय."

"दादा, मला घिऊन चल."

तो आत्याबाईंकडं बघत राहिला. त्या म्हणाल्या, "बोडकी बसलीया. कालच हिनं अंडी घातली."

"मग ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "पिल्लं निघाली की ये."

"तू माळकरी असून कोंबडीच्या पिल्लांची वाट बघ म्हणतोस व्हय?"

तो हसला नाही. "तुझ्या घरातली रीत तू मोडू नको," एवढंच बोलला. शालन रांगत त्याच्याकडं निघाली तसा उठून उभा राहिला. जाताना मागं वळून म्हणाला, "पावसाच्या आत बघू."

पावसाच्या आत. आमच्याकडं पाऊस लागला की ओढा कमरेच्या वर जायचा आणि खिंडीत दरड यायची. दसऱ्यापर्यंत ती वाट बंद. दादा गेला आणि मी खुराड्यापुढं जाऊन बसले. बोडकी कोंबडी पाटीत डोळे अर्धे मिटून बसली होती. दाणे पुढं ठेवले तरी बघत नव्हती. मी तिच्याकडं कितीतरी वेळ बघत होते आणि तिथंच माझ्या डोक्यात आलं, की बसणारी कोंबडीच घरात नसेल तर मला अडवणार कोण.

ढेबेवाडीच्या बाजारात दस्तगीरभाई कोंबड्या घेऊन बसायचा. तो दर पंधरवड्याला सायकलीला दोन्ही बाजूंनी डालगी बांधून आमच्या गावातही यायचा. बाजार शिवेबाहेर, त्यामुळं मी त्याला गावात गाठायची. आत्याबाई ओसरीत बसून असायच्या, भाव त्या करायच्या, निवड माझी.

"ही घ्या वहिनी," दस्तगीरभाई म्हणाला. त्यानं एक काळी, आखूड पायाची कोंबडी वर धरली. "आईसारखी बसंल. भूकंप झाला तरी उठणार नाही."

"ती दुसरी दाव. तांबडी, ती लांब पायाची."

"ती? ती पोल्ट्रीतली दोगली हाय. बाप सरकारी. अंडी देईल झकास, पण बसायची न्हाई हो."

"तीच दे."

त्यानं आवाज खाली आणला. "वहिनी, तुमच्या सासूला मी लहानपणापासून ओळखतो. त्यांनी अशी कोंबडी आयुष्यात घेतली न्हाई. मला शिव्या बसतील."

"तुला कशाला बसतील? मी बघून घेतली म्हणून सांग."

"सगळं जग बसणारी मागतंय, तुम्ही पळणारी मागताय."

"पळणारीच पायजे मला."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. तांबडीचे पाय बांधून माझ्या हातात दिली आणि बदल्यात आमची कवडी घेतली. ओसरीवरून आत्याबाईंनी विचारलं, "कशी हाय?"

"तांबडी हाय. अंगानं बरी हाय."

"आण इकडं." त्यांनी तिच्या छातीवरून हात फिरवला, पायांवरून फिरवला. हात पायांपाशी जरा थांबला. "पाय लांब हायती हिचं."

"अंडी लई देती म्हणतोय."

"बरं," म्हणून त्यांनी ती मला परत दिली.

असं मी एकेक करून बदलत गेले. त्यांनी शिकवलेलंच सगळं, फक्त उलटं धरून. छाती रुंद दिसली की नको म्हणायची. पोटाखाली हात घालायची आणि जी दचकून उडी मारून पळेल ती घ्यायची. तुरा मोठा, लाल, एकीकडं पडलेला असला की घ्यायची. दस्तगीरभाई आता माझ्यासाठी मुद्दाम तसल्या आणायला लागला. "वहिनी, ही बघा, हिला तर अंडं घातलेलं सुद्धा ठाऊक नसतं," असं म्हणायचा. अंडी मात्र खूप व्हायला लागली. यसूनानी अंगणातून जाताना म्हणाली, "गजरा, तुझ्या परसात कोंबड्या हायत का पलटणीतली माणसं? एक बी घरात थांबंना."

आत्याबाई हसल्या. त्या हसल्या याचं मला बरं वाटलं नाही. पण मी थांबले नाही. वैशाख सरत आला होता, पश्चिमेला दुपारचे ढग दिसायला लागले होते.

शेवटी बोडकी उरली. ती आत्याबाईंची आवडती, विकू देत नव्हत्या. तिची पिल्लं मोठी होऊन तिच्यापासून सुटली होती आणि ती परत अंडी घालायला लागली होती. शेजारी माझ्या हातानं बसवलेल्या कोंबडीची पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले होते, तोवर ही बसली नाही की मी मोकळी, म्हणून मी रोज तिच्याकडं बघायची. एके दिवशी दुपारी ती गंजीच्या आडोशाला दिसली. अंग फुलवलेलं, मान आत ओढलेली, घशात खुडखुड. मी हात घातला तशी चोच मारली.

आत्याबाई झोपल्या होत्या. मी तिला उचलली आणि दगडी डोणीत नेऊन बुचकळली. खुडूक मोडायला तसं करतात हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पहिल्यांदा बुचकळली, सोडली. ती पंख ओढत सरळ गंजीकडं गेली. परत आणली. पोटापर्यंत पाण्यात धरून ठेवली. ती ओरडली नाही. तिचं पोट माझ्या हाताखाली थंड होत गेलं. सोडली तर परत तिथंच. मग मी तिचंच एक पीस उपटलं, तिच्या नाकात आडवं खोवायला घेतलं.

"ते खोवून बी उठायची न्हाई ती," मागून आवाज आला.

आत्याबाई परड्याच्या दारात उभ्या होत्या. कधीपासून होत्या कोण जाणे.

"सोड तिला. मरंल."

मी सोडली. कोंबडी ओली, तशीच गंजीखाली गेली. मी तिथंच खाली बसले. मला रडू आलं नाही, राग आला होता.

"मी उद्या जाणार," मी म्हणाले. "कोंबडी बसू दे न्हाईतर मरू दे. तुमची शीव मी वलांडणार."

"कोंबड्या सगळ्या बदलल्यास," त्या म्हणाल्या.

"व्हय. बदलल्या."

"माझ्या डोळ्यांवर धुकं हाय, बोटांवर न्हाई. लांब पायाची कोंबडी मला कळत नव्हती व्हय?"

मी वर पाहिलं.

"पयली आणलीस तवाच कळलं मला. म्हटलं, बदलू दे. एकेक बदलंपतोर तू हितं तर ऱ्हाशील. तेवढंच दिस गेलं."

"कशासाठी पण? काय मिळतं तुम्हाला मला कोंडून?"

त्या माझ्यासमोर डोणीच्या काठावर बसल्या. पदरानं हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

"तुझी थोरली भन कशानं गेली?"

अनसाक्का गेली तेव्हा मी लहान होते. "तापानं," मी म्हणाले.

"ताप नव्हता तो. तुझ्या बाला झाला हुता, तोच. तिनं बाची शेवा केली, उष्टं खाल्लं, उशाशी निजली. बा गेला आन मागनं ती. आता तुझ्या आईला झालाय. क्षय."

परड्यात कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. तो आवाज मला फार मोठा ऐकू यायला लागला.

"छबूच्या लग्नात तुझा भाऊ निरोप घिऊन आला हुता. तुझ्या आईचा. मी मरंपतोर गजराला पाठवू नका. ती आली तर पोरीला घिऊन यील, माझ्या उशाशी बसंल. एक लेक तशी गेली, दुसरी नको. तिला सांगू बी नका. सांगितलं तर ती धावत यील."

"म्हंजे शिवंचं ते…"

"घरात तसली काय रीत न्हाई. तवा जे सुचलं ते बोलले. बाहेर कोंबडी बसली हुती, तीच दिसली."

"यसूनानीला ठाऊक हुतं?"

"नंतर सांगितलं तिला."

"दादाला?"

"त्यालाच तर ठाऊक. त्यो पोरीला शिवत न्हाई, तुझ्या भांड्याला त्वांड लावत न्हाई. तुला दिसलं न्हाई का?"

दिसलं होतं. मला सगळं दिसलं होतं.

"मला सांगायचं हुतं तुम्ही," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

त्या उत्तराची वाट बघत बसल्या नाहीत. घरात जाऊन शालनला उठवलं, तिला कडेवर घेऊन परत आल्या आणि माझ्या मांडीवर दिली. शालन प्यायला लागली. पिऊन झाल्यावर मी म्हणाले, "मी तरी जाणार. पावसाच्या आत."

"जा," आत्याबाई म्हणाल्या. "एवढं केलं तरी अडत न्हाईस तर मी काय करू. पण पोर हितं ऱ्हाईल."

"अंगावर पिती ती."

"दिसभर म्हशीचं पाजीन. रडंल. रडू दे. सांजच्याला तू परत आलीस तर तुझी, न्हाईतर माझी."

रागानं बोलल्या नव्हत्या. भाकरीला पीठ किती घ्यायचं हे सांगावं तसं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच मी निघाले. शेंदराच्या दगडापाशी पाय क्षणभर थांबला. रीत नव्हती हे कळलं होतं, तरी थांबला. मग ओढा ओलांडला आणि खिंडीला लागले. माहेरच्या वाटेनं मी आजवर कधी मोकळ्या हातांनी चालले नव्हते. कडेवर पोर नाही, हातात पिशवी नाही. हात कुठं ठेवावे कळत नव्हतं.

खोप परड्याच्या टोकाला, फणसाच्या पलीकडं होती. कुडाची, दाराला पोतं लावलेलं. मी हाक मारली. आतून खोकला आला, बराच वेळ. मग पोतं बाजूला झालं आणि आई दारात बसती झाली. ती एवढीशी झाली होती. गळ्यातली माळ पोटापर्यंत लोंबत होती.

"कोण? गजरा?"

"व्हय. मी."

मी पुढं निघाले.

"थांब," ती म्हणाली. "फणसाच्या म्होरं येऊ नको."

"आई…"

"आलीस तर मी आत जाऊन पडीन. मग बोलायचं बी न्हाई."

मी फणसाखाली बसले. तिच्यात आणि माझ्यात एवढं अंतर होतं, की ती हळू बोलली तर ऐकू येत नव्हतं. वहिनी मागून आली, माझ्यासाठी भाकरी आणि पाणी ठेवून गेली. आईच्या दारापाशी तिनं वेगळी थाळी ठेवली, लांबून, काठीनं पुढं सारून.

"पोर कुठाय?" आईनं विचारलं.

"घरी ठेवली. आत्याबाईंपाशी."

"बरं केलंस." ती थोडं थांबून म्हणाली, "चालती का आता?"

"धरून हुबी ऱ्हाती. परवा एक पाऊल टाकलं."

"कुणावर गेलीया?"

"कपाळ तुझं हाय. बाकी त्येंच्यावर."

ती हे ऐकून मान हलवत राहिली. मग म्हणाली, "विहीणबाईंनी कशी थांबवली गं तुला एवढं दिस? निवृत्ती सांगत न्हाई. नुसता हसतो."

मी तिला कोंबड्यांचं सगळं सांगितलं. शिवेची रीत, बसणाऱ्या कोंबड्या, दस्तगीरभाई, लांब पायांच्या तांबड्या, बोडकीला बुचकळलं ते. ती ऐकता ऐकता हसायला लागली. हसताना खोकला आला, तोंडाला फडकं लावलं, फडकं बाजूला केलं तरी डोळे हसत होते.

"म्या एवढंच म्हटलं हुतं, कायतरी कारण काढा," ती म्हणाली. "माळकऱ्याच्या लेकीला कोंबडीनं बांधली व्हय. काय बाई तरी. आन तू त्येच्यावर बी कडी केलीस."

"तुला बघायला यायचं हुतं मला."

"बघितलंस ना आता."

"हात लावू दे एकदा. मग जाते. घरी गेल्यावर आंघोळ करीन, कापडं उकळीन."

"न्हाई."

"पाय तरी."

"गजरा," ती म्हणाली, "मी अनसाला हात लावू दिला हुता."

त्यानंतर मी मागितलं नाही. उन्हं फणसावरून पुढं सरकत होती. आम्ही बोलत होतो. ती दमली की आडवी व्हायची, मग मी तिच्या श्वासाकडं बघत बसायची. बरं वाटलं की परत बसती होऊन काहीतरी विचारायची. दही लागतं का, छबूच्या सासरी कशी माणसं आहेत, मालकांचं काही कळलं का. एकदा तिनं स्वतःच्या पायावरची माशी उडवली आणि मला उगाच वाटलं, ती मला बोलावते आहे. मी उठले. तिनं नुसतं बोट वर केलं. मी परत बसले.

दुपार कलली तशी माझी छाती दाटून आली. सकाळपासून पोर प्यायली नव्हती. आधी ठणकायला लागलं, मग दूध आपोआप वाहायला लागलं. चोळी भिजली, पदर भिजला. मी पदर सारखा करत होते, तिला दिसू नये म्हणून आडवी होऊन बसत होते. पण तिला दिसलंच.

"ऊठ," ती म्हणाली.

"जरा बसते."

"पोर उपाशी असंल तिकडं. ऊठ."

"म्हशीचं पाजलं असंल."

"तुझं अंग सांगतंय न्हवं, पाजलं का न्हाई ते. जा. अंधाराच्या आत खिंड उतर."

मी उठले. तिला नमस्कार करायचा होता. फणसाखाली, मातीवरच डोकं टेकलं. वर पाहिलं तेव्हा तिनं पोतं ओढून घेतलं होतं. आतून म्हणाली, "मागं बघत चालू नको, ठेचाळशील."

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. आत्याबाईंनी दारातच गरम पाणी काढून ठेवलं होतं. मी आंघोळ केली, लुगडं पालटलं, मग त्यांनी शालनला माझ्या मांडीवर दिलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती प्यायला लागली तशी आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "बोलली का?"

"बोलली. हसली बी."

"कशाला?"

"तुमच्या कोंबड्यांना."

त्यानंतर चारच दिवसांनी पाऊस लागला आणि ओढा भरला. सबंध पावसाळा आमच्या परसात एकही नवं पिल्लू निघालं नाही. ओढ्याला पाणी आहे तोवर पलीकडून कुणी येणार नव्हतं, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं.

दसरा झाल्यावर निवृत्तीदादा आला. त्यानं डोक्यावरचे केस उतरवले होते, ते पुन्हा थोडे उगवले होते. त्यानं शालनला उचलून कडेवर घेतलं, तेव्हाच मला समजलं. माझी आई, भागीरथी, त्याच साली भाद्रपदात, गौरी जेवायच्या दिवशी सकाळी वारली.